सराफ्यातला मी आणि सकाळी सातचा मी

नमस्कार मंडळी. आधीच सांगून ठेवतो, बोलता बोलता मी मधेच उठेन, दोन फेऱ्या मारेन आणि परत बसेन, तेव्हा पाहुणा कंटाळला असं समजू नका, वीसेक मिनिटं एका जागी बसलो की माझी कंबर धरते.

मला अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस आहे. नाव घेतानाच अर्धी एनर्जी जाते! शरीराची रोगप्रतिकारशक्ती उलटते आणि पाठीच्या, माकडहाडाच्या वरच्या सांध्यांना सूज येते, वर्षानुवर्षं चाललं तर काहींचे मणके एकमेकांना जुळतात, एक्सरेत ते बांबूसारखे दिसतात. माझं तिथवर गेलेलं नाही. पण गंमत अशी की ह्याचं दुखणं पडून राहिलं की वाढतं आणि हाललं की कमी होतं, म्हणजे आपल्याकडची सगळी प्रेमळ माणसं जे सांगतात ना, "जरा पडून राहा रे", ते नेमकं उलटं.

आता इंदूरची पंचाईत बघा. इथं माणसं भेटतात रात्री. दहा वाजता मी सराफ्यात, म्हणजे रात्री खाऊगल्ली होणाऱ्या आमच्या सराफा बाजारात, उभ्या उभ्या गराडू (तळलेला कंद) खातोय, हसतोय, आणि समोरून आमच्या शेजारच्या काकू, "काय रे, सकाळी म्हणे उठवत नव्हतं, आता तर चांगला दिसतोयस!" काकू, दोन्ही खरंय हो. रात्रीपर्यंत हलून हलून मी मोकळा झालेला असतो. सकाळी सातला या. कुशीवर वळायचं म्हणजे प्रोजेक्ट असतो, आणि मोजे माझी आठवीतली मुलगी घालून देते, तेवढ्यात तिचं नागरिकशास्त्रही मला ऐकवते, कारण मी पळून जाऊ शकत नाही.

निदानाला पाच वर्षं लागली. गादी बदलली, बूट बदलले, सायटिका म्हणून झालं, साधा एक्सरे नॉर्मल. मग एकदा डोळा लाल झाला, उजेड सोसेना, घरचे म्हणाले डोळे आलेत. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं आणि विचारलं, "सकाळी कंबर आखडते का?" डोळ्याच्या आतली सूज ह्या आजारातही येते, मला काय माहीत! पुढे एमआरआय, एचएलए-बी२७ ह्या जनुकाची रक्ततपासणी. ती पॉझिटिव्ह आली म्हणजे आजार झालाच असं नाही बरं का, तेवढ्यावर घाबरू नका. आता इंजेक्शन चालू आहे, त्याआधी टीबी नाही ना हे बघून घेतात. ते २ ते ८ डिग्रीत ठेवायचं, म्हणून आमच्या फ्रिजमध्ये श्रीखंडाच्या डब्यामागे त्याची जागा ठरलेली आहे, आणि लाइट गेली की बायको आधी त्याचं बघते, मग माझं.

 

खरं सांगू? एकेकाळी काकू दिसल्या की मी मुद्दाम थोडं लंगडायचो. दुखत नसतानाही. लोकांना पटावं म्हणून खऱ्या आजाऱ्याने आजाराचं नाटक करायचं, किती लाजिरवाणं आहे! ते सोडलं. आता फक्त वेळ सांगतो, की बाबा, सकाळी दहापर्यंत मी अर्धा असतो, काही काम असेल तर त्यानंतर बोलवा, रंगपंचमीच्या गेरला, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीला, येईन पण उशिरा येईन.

परवा काकूंचा फोन आला, बरोबर साडेदहाला. "काय रे, झालास का सुरू?"