सही खरी, गाडी अनोळखी

(दृश्य: गजबजलेला चौक, वरून.)

समजा, या चौकातल्या सगळ्या गाड्या एकमेकींशी रेडिओवरून बोलतात (याला V2X म्हणतात). प्रत्येक गाडी सेकंदाला दहा वेळा सांगते आहे: मी इथे आहे, इतक्या वेगानं, या दिशेनं, ब्रेक दाबलाय. ५.९ गिगाहर्ट्झ पट्ट्यातला हा संदेश काहीशे मीटरपर्यंत पोहोचतो. तो कूटबद्ध नसतो. अनोळखी गाडीला वाचता आला नाही, तर पाठवून उपयोग काय?

म्हणजे लपवायचं काहीच नाही, पण तोतया पकडायचाय. त्यासाठी प्रत्येक संदेशावर ६४ बाइट्सची डिजिटल सही असते. सहीची खाजगी किल्ली गाडीतल्या सुरक्षित चिपबाहेर येत नाही. सोबत ही सही अधिकृत गाडीची आहे हे दाखवणारं प्रमाणपत्र लागतं, पण चॅनेल अरुंद. त्यामुळे युरोपात पूर्ण प्रमाणपत्र साधारण सेकंदातून एकदाच जातं, एरवी त्याचा ८ बाइट्सचा हॅश, म्हणजे त्यावरून गणितानं काढलेली छोटी खूण. म्हणून नुकतीच टप्प्यात आलेली गाडी इतरांचे सुरुवातीचे काही संदेश तपासूच शकत नाही. अवतीभवती शंभर गाड्या असल्या, की सेकंदाला हजार सह्या येऊन पडतात.

कायम एकच प्रमाणपत्र वापरलं, तर रस्त्याकडेला चार रिसीव्हर लावून कोणीही तुमचा रोजचा मार्ग काढेल. म्हणून टोपणनावं, म्हणजे गाडीची ओळख न सांगणारी, बदलती प्रमाणपत्रं. अमेरिकेत आखलेल्या व्यवस्थेत दर आठवड्याला २० प्रमाणपत्रं, असा तीन वर्षांचा साठा गाडीत आधीच भरता येतो.

(दृश्य: रिकामा महामार्ग, एकच गाडी.)

घोळ होतो तो नाव बदलताना. प्रमाणपत्र नवं, पण रेडिओचा मॅक पत्ता (प्रत्येक प्रक्षेपणासोबत जाणारा ओळख-क्रमांक) जुनाच. किंवा संदेशाचा अनुक्रमांक ५७ नंतर निमूटपणे ५८. हे सगळं एका क्षणी बदलावं लागतं. तेवढं करूनही, ताशी ७२ किलोमीटरनं धावणारी गाडी दोन संदेशांमध्ये दोनच मीटर पुढे सरकते. तिथेच नवं नाव उगवलं, तर ते कोणाचं हे सांगायला गुप्तहेर लागत नाही. त्यात गाडीची लांबी-रुंदीही संदेशात असते! बदल गर्दीत करावा, नाहीतर मध्ये काही सेकंद गप्प राहावं. पण गप्प गाडी इतरांना दिसत नाही. चौकात हे परवडणारं नाही.

आणखी एक पेच. २० प्रमाणपत्रं एकाच वेळी वैध असतात. म्हणजे कब्जात गेलेली एक गाडी वीस गाड्यांचं सोंग आणू शकते. सह्या सगळ्या खऱ्या, वाहतूककोंडी खोटी. सही फक्त पाठवणाऱ्याचा अधिकार सांगते, मजकुराचा खरेपणा नाही. म्हणून रडार-कॅमेऱ्याशी ताळा घ्यायचा, एकाच जागी दोन गाड्या दिसल्या तर शंका घ्यायची आणि वर कळवायचं.

दोषी गाडी बाद करताना टोपणनावं एकेक करून यादीत टाकत नाहीत. दोन स्वतंत्र यंत्रणांकडे त्या गाडीचं एकेक बीज असतं, म्हणजे तिच्या प्रमाणपत्रांवरच्या खुणा ज्यातून काढतात तो गुप्त आकडा. दोन्ही बीजं जाहीर झाली, की त्या आठवड्यापासून पुढची तिची सगळी प्रमाणपत्रं ओळखू येतात. मागची नाही; दर आठवड्याचं बीज आधीच्या बीजाचा हॅश काढून मिळतं, आणि हॅशची साखळी उलटी फिरत नाही.