लाल चौकटीतली गोळी

[दृश्य: मानखुर्द, सकाळ. मेडिकलचं शटर अर्धं वर.]

शटर पुरतं उघडायच्या आत टीबी कार्यक्रमाच्या ताई वाकून विचारतात, "काका, रजिस्टर?" काकांची अगरबत्ती अजून फिरायची आहे. ते हातानेच थांबायची खूण करतात. मग गल्ल्याखालून खाकी कव्हरची एक लांबडी वही बाहेर येते.

[जवळून: वहीचं पान. नावं धूसर केलेली.]

डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, औषध, किती दिलं. मार्च २०१४ पासून टीबीची औषधं 'शेड्यूल एच-१'मध्ये, म्हणजे ज्यांच्या विक्रीची नोंद ठेवावीच लागते अशा औषधांच्या सरकारी यादीत आहेत. ती विकली की वेगळ्या वहीत नोंद करायची आणि ती वही तीन वर्षं सांभाळायची. पाकिटावर लाल चौकट असते ती याचसाठी. काका नखाने ती चौकट दाखवतात. "ही दिसली की पेन उचलायचं," एवढंच म्हणतात आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतात.

महाराष्ट्राच्या टीबी कार्यक्रमाचा कारभार पुण्यातून चालतो. तिथल्या कॉम्प्युटरवर जो आकडा दिसतो, त्यातला एक आकडा सकाळी सव्वानऊला या गल्ल्यावरून निघालेला असतो. सरकारी आणि खासगी हातमिळवणीचे करार होतात, त्यांचेही फोटो आमच्याकडे आहेत. टेबल, फुलदाणी, सह्या. ते इथे लावले नाहीत. ही वही जास्त बोलते.

[दृश्य: खासगी दवाखाना. बाकावर माणसं.]

खोकला आला की माणूस आधी कुठे जातो? महापालिकेच्या दवाखान्याची वेळ ही त्याच्या कामाची वेळ असते. म्हणून तो रात्री नऊला कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे जातो. पन्नास-शंभर रुपये, एक इंजेक्शन, खोकल्याची बाटली. सरकारी कार्यक्रमाला हा पेशंट कित्येक वर्षं दिसतच नव्हता.

आणि त्याला औषध काय मिळत होतं? १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात धारावीतल्या १०० खासगी डॉक्टरांना टीबीची चिठ्ठी लिहायला सांगितलं होतं. ८० वेगवेगळ्या चिठ्ठ्या आल्या. २०१० मध्ये पुन्हा तसाच अभ्यास झाला. या वेळी डॉक्टर १०६, चिठ्ठ्या ६३ तऱ्हेच्या, आणि बरोबर लिहिणारे सहा. एकोणीस वर्षांत प्रगती झाली नाही असं म्हणता येत नाही, पण झाली असं म्हणवतही नाही.

२०१२ मध्ये केंद्राचा आदेश निघाला, प्रत्येक टीबी पेशंट सरकारला कळवा. आदेशाने वही भरत नाही. डॉक्टरांना वाटायचं, नाव कळवलं की पेशंट सरकार पळवणार. मग २०१४ मध्ये मुंबईत वेगळी वाट काढली गेली. महापालिका आणि पाथ ही संस्था यांनी मिळून व्हाउचर आणलं. पेशंट त्याच डॉक्टरकडे राहणार, गोळ्या त्याच गल्लीतल्या मेडिकलमधून घेणार, पैसे मात्र द्यायचे नाहीत. मेडिकलवाल्याचं बिल कार्यक्रम भरणार. इथे गाडं हललं. पुढे केस कळवल्याबद्दल डॉक्टरांना ५०० रुपये आणि उपचारांचा निकाल कळवल्यावर आणखी ५०० असंही ठरलं.

[दृश्य: तपासणी केंद्र. डबी, हातमोजे, छोटं यंत्र.]

हा बेडका. थुंकी नव्हे. ताई प्रत्येकाला छातीवर हात ठेवून दाखवतात, "इथून, खोलातून आला पाहिजे." निम्म्या डब्या नुसत्या लाळेच्या येतात आणि परत पाठवाव्या लागतात.

यंत्राचं नाव ट्रूनॅट. गोव्यातल्या मोलबायो या खासगी कंपनीने बनवलेलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये त्याला मान्यता दिली. बॅटरीवर चालतं, म्हणून वीज गेली तरी अडत नाही. आधी बेडक्यातला डीएनए वेगळा काढायचा, मग चिपवर एक थेंब. तासाभरात कळतं, टीबी आहे की नाही. रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध लागू पडेल का, हे दुसरी चिप सांगते.

[थांबा. यंत्राचा आवाज.]

[दृश्य: खोली. माळ्यावर गोळ्यांची पाकिटं.]

सहा महिने. पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. लघवी नारंगी होते, ते रिफाम्पिसिनमुळे. हे आधी सांगितलं नाही तर माणूस घाबरून गोळ्या सोडतो. सांगितलं असेल तर गोळ्या चालू असल्याची तीच ताईंची खूण. दारातून हळूच विचारतात, "रंग येतोय ना, दादा?"

[दृश्य: सभागृह. किटचं वाटप. बॅनर.]

तूरडाळ, तेल, शेंगदाणे. २०२२ पासून कंपन्या, मंडळं, कुणीही 'निक्षय मित्र' होऊन पेशंटच्या खाण्याची जबाबदारी घेऊ शकतं. झारखंडमधल्या एका मोठ्या चाचणीत, पेशंटच्या घरच्यांनाही शिधा दिला तेव्हा त्यांच्यात नव्या टीबीचं प्रमाण ३९ टक्क्यांनी घटलं. फोटोसाठी रांग लावण्याइतकी ही गोष्ट मोठी आहेच. फक्त काही पेशंट फोटोमुळेच येत नाहीत. त्यांची किट ताई स्वतः पोचवतात, काळ्या पिशवीतून.

[दृश्य: रस्ता, बसमधून.]

देशात २०१५ मध्ये लाखामागे २३७ नवे पेशंट होते, २०२३ मध्ये १९५. टीबी संपवायचं साल २०२५ ठरलं होतं, ते येऊन गेलं. मार्च २०२४ मध्ये गोळ्यांचा तुटवडा पडला आणि केंद्राने राज्यांना तीन महिन्यांची औषधं स्थानिक पातळीवर खरेदी करायला सांगितलं. त्या दिवसांचं चित्रण आमच्याकडे नाही.

[दृश्य: संध्याकाळ. पुन्हा मेडिकल.]

वहीत आज एक नवी ओळ आहे. चिठ्ठी लिहिणाऱ्या दवाखान्याचं नाव ओळखीचं, पेशंटचं नाही. मोबाइल लागत नाही. काकांना तो आठवतो. "बारीकसा पोरगा, घाईत होता. पाइपलाइनच्या पलीकडे म्हणाला."

ताई ओळ आपल्या वहीत उतरवून घेतात आणि पाइपलाइनच्या दिशेने चालू लागतात.