‘मी केलो’ म्हणणाऱ्यांचं डोकं

श्रोतेहो, नमस्कार.

कॉलेजात असताना एका वक्तृत्व स्पर्धेसाठी पुण्याला गेलो होतो. बोलण्याच्या भरात तोंडून गेलं, “हे काम मी केलो.” सभागृह हसलं. परीक्षक म्हणाले, “व्याकरण असं, तर विचार कसा असेल?” बक्षीस गेलं ते गेलंच, पण तो प्रश्न बेळगावपर्यंत माझ्यासोबत एस.टी.नं आला.

आता ‘केलो’चं बघा. प्रमाण मराठीत काम केलं, भाजी केली, चहा केला. क्रियापद कर्माच्या मागं धावतं. कन्नडात तसं नाही. ‘नानु केलस माडिदे’, म्हणजे ‘मी काम केलं’. काम असो, भाजी असो, ‘माडिदे’ तेच. आमच्याकडच्या पोरांच्या कानावर दोन्ही भाषा पाळण्यापासूनच. जिभेनं सोपा साचा धरला. एक नियम गळाला. म्हणून डोकंही गळालं काय?

गेल्याच्या गेल्या शतकात युरोपातल्या मोठमोठ्या पंडितांना साधारण तसंच वाटायचं. संस्कृतात आठ विभक्ती, तीन वचनं. ते शिखर आणि पुढं सगळी उतरण. पण द्विवचन तर प्राकृतांनीच टाकून दिलं. माणसं दोन मोजायला विसरली नाहीत, ‘दोघं’ म्हणून मोकळी झाली. उलट मराठीनं ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असा भेद उभा केला, जो संस्कृतात नव्हता. “आम्ही निघालो” म्हटलं की पाहुणा बसून राहतो, “आपण निघालो” म्हटलं की चपला शोधतो! जुन्या कन्नडातही असा भेद होता. आजच्या कन्नडात दोन्हीला ‘नावु’ चालतं. यावरून कन्नड माणसाची बुद्धी घटली, असं बेळगावच्या चन्नम्मा सर्कलला उभं राहून म्हणून बघा. मी येणार नाही सोबत.

मग प्रत्यय वाढतात, झडतात ते कशानं? 2010 साली गॅरी लुपियन आणि रिक डेल या अभ्यासकांनी दोन हजारांवर भाषा ताडून पाहिल्या. बोलणारे जितके जास्त, तितकी शब्दरूपांची गुंतागुंत सहसा कमी. त्यांचा तर्क असा की पसरलेली भाषा परकी माणसं मोठेपणी शिकतात, आणि मोठ्या माणसाला प्रत्ययांची अडगळ झेपत नाही. लहान पोराला ती अडगळ वाटतच नाही. रशियातल्या दागेस्तानच्या डोंगरातली आर्ची भाषा हजारभर लोकांची, पण तिच्या एका क्रियापदाची रूपं अभ्यासकांनी पंधरा लाखांवर मोजली आहेत. चिनी भाषेत रूपं जवळजवळ नाहीतच. कोण हुशार, सांगा!

बुद्धिमापन चाचण्यांचे गुण विसाव्या शतकात बऱ्याच देशांत दर दशकाला सुमारे तीननं वाढले. त्या देशांतल्या भाषांच्या व्याकरणात तसली काही भर पडली नाही.

मला तर पुरावा जवळच सापडतो. मिरजेजवळचं कुपवाड. गंपर्झ आणि विल्सन या अभ्यासकांनी 1971 साली या गावावर लिहिलं. घरात जैन शेतकऱ्याची कन्नड, मुसलमानांची उर्दू, इतरांची मराठी, आणि बाहेर सगळ्यांची ये-जा. शब्द वेगवेगळे राहिले, वाक्याचे साचे मात्र जवळजवळ एक झाले. तेव्हा तिथल्या मराठीत माणूस सोडून बाकी सगळं नपुंसकलिंगी, नदीसुद्धा. पुस्तकवाला कपाळाला हात लावेल. पण तिघी जावा एका घरात नांदवायच्या, तर चूल एक केलेली बरी, एवढाच तो हिशेब. ज्याला एकच भाषा सांभाळायची आहे, त्यानं खुशाल तीन चुली पेटवाव्यात.

परवा गणपत गल्लीत मेथी घेत होतो. भाजीवाल्यानं एका बाईंना कन्नडात भाव सांगितला, शेजारच्या गाडेवाल्याला उर्दूत दटावलं आणि माझ्याकडं वळून म्हणाला, “सांगितलो की ओ सर, तीसला दोन जुड्या.”

सुटे पैसे नव्हते, तरी मी पिशवी पुढं केलो.

नमस्कार.