नो ग्रोथ

(इकोचा पडदा. सुरुवातीचे काही क्षण फक्त यंत्राचा आवाज.)

ही हृदयातली मायट्रल झडप. दिवसातून लाखभर वेळा उघडते आणि मिटते. तिच्या कडेला काहीतरी लोंबतंय, ते बघा. झडपेबरोबर हलतंय, पण तिच्या तालात नाही. याला व्हेजिटेशन म्हणतात: जंतू, प्लेटलेट आणि फायब्रिन (रक्त गोठताना तयार होणारे धागे) यांचा गोळा. अन्ननलिकेत नळी उतरवून इको केली म्हणून तो इतका स्पष्ट दिसतोय. छातीवरून केलेल्या इकोत असे गोळे निसटू शकतात.

आजाराचं नाव इन्फेक्टिव्ह एंडोकार्डायटिस, म्हणजे हृदयाच्या आतल्या अस्तराला, बहुधा झडपांना झालेला जंतुसंसर्ग. गोळा दिसला, पण त्यात कोण बसलंय ते चित्रावरून कळत नाही.

(हात. कापूस. सुई.)

ही पुसापुशी लांबते, तरी आम्ही ती कापली नाही. कातडीवरचा जंतू बाटलीत गेला की पुढचा सगळा तपास भलतीकडे जातो. तीन वेगवेगळ्या जागी टोचून तीनदा रक्त घ्यायचं, आणि तेही अँटिबायोटिकचा पहिला डोस देण्याआधी. ‘ताप उतरत नाही ना, मग तोवर एक कोर्स करून टाकू’, या एका वाक्यात कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू बाटलीत वाढवून ओळखणं, हातचं जातं.

(बाटल्या यंत्रात सरकतात. दिवसांचा आकडा बदलत जातो.)

जंतू वाढले की कार्बन डायॉक्साइड सोडतात, बाटलीच्या तळाची चकती रंग बदलते आणि यंत्र ओरडतं. स्ट्रेप्टोकोकस, स्टॅफिलोकोकस ही नेहमीची मंडळी बहुधा दोन दिवसांत सापडतात. इथे पाचवा दिवस उजाडलाय. रिपोर्ट : नो ग्रोथ.

म्हणजे जंतू नाहीत, असं नव्हे. बरेचदा आधी पोटात गेलेल्या औषधानं ते दबलेले असतात. काही जंतू तर बाटलीत वाढणारे नसतातच. कॉक्सिएला नावाचा जंतू पेशीच्या आत शिरूनच वाढतो. 1937 साली एडवर्ड डेरिक यांनी ऑस्ट्रेलियात, ब्रिस्बेनच्या कत्तलखान्यातल्या कामगारांच्या तापाचं वर्णन केलं. कारण सापडेना, म्हणून त्याला क्यू फीवर म्हटलं. क्यू म्हणजे क्वेरी. तो ताप आणणारा जंतू हाच, कॉक्सिएला.

(डॉक्टर खाटेशेजारी बसलेले. त्यांचा आवाज कमी.)

आता प्रश्न बदलतात. शेळी व्यायली तेव्हा हात लावला होता का? कच्चं दूध पिता? मग ब्रुसेला. मांजर पाळलंय? अंगावर उवा होत्या? मग बार्टोनेला. यंत्र थकल्यावर पुन्हा खाटेशेजारी येऊन बसावं लागतं. खरं तर हे पहिल्याच दिवशी विचारायचं.

(सूक्ष्मदर्शक. अंधारात हिरवे ठिपके.)

या चित्रीकरणातलं हे सगळ्यात सुंदर दृश्य. काचेवर कॉक्सिएला आहे, त्यावर रुग्णाचा सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणारा द्रव. प्रतिपिंडं जिथे चिकटली, तिथे हिरवं चमकतं. सीरम दुप्पट-दुप्पट पातळ करत जायचं. शंभरपट, दोनशेपट, चारशेपट. आठशेपट पातळ करूनही चमक टिकली आहे. एंडोकार्डायटिसचं निदान ज्यांवर ठरतं, ते ड्यूक निकष 1994 चे. 2000 साली ते सुधारले, तेव्हा फेज वन आयजीजीची (कॉक्सिएलाविरुद्धच्या या प्रतिपिंडांची) ही पातळी मुख्य निकषांत आली. 2023 मध्ये पीसीआर (जंतूचं जनुकीय द्रव्य शोधणारी चाचणी) आणि पेट-सीटी स्कॅनलाही जागा मिळाली.

(दोन डब्या. एकीत फॉर्मॅलिन, एक तशीच.)

शस्त्रक्रियागृहात कॅमेरा नेता आला नाही. या डब्या मात्र दाखवायच्याच होत्या. काढलेल्या झडपेचा अर्धा तुकडा फॉर्मॅलिनशिवाय (नमुना टिकवणाऱ्या द्रावणाशिवाय) ठेवायचा. सगळा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये बुडवला, तर कल्चर करता येत नाही आणि ज्यावरून जंतू ओळखता येतो ते 16एस जनुक वाचणंही अवघड होतं.

कॉक्सिएलावर उपचार : डॉक्सिसायक्लिन आणि हायड्रॉक्सीक्लोरोक्विन. स्वतःची झडप असेल तर किमान 18 महिने, कृत्रिम असेल तर 24. बुरशी निघाली, तर अँफोटेरिसिनसारखं औषध आणि बहुधा शस्त्रक्रिया. उशीर झाला तर गोळ्याचा तुकडा सुटून मेंदूत जातो, झडप फाटते, जीवही जातो.

(खिडकीपाशी गोळ्यांचा डबा. एक हात आजचा कप्पा उघडतो. निवेदन नाही.)