तत्त्वज्ञान वाचायचंय? मग ते जाड पुस्तक आधी खाली ठेवा

रामराम मंडळी. मागं दिसते ती आमची पऱ्हाटी. कालपासून वेचणी सुरू आहे, म्हणून आज घाईत बोलतो.

माझी सुरुवात फसली होती. तालुक्याच्या वाचनालयातून कान्ट या जर्मन तत्त्वज्ञावरचं जाडजूड पुस्तक आणलं, अकराव्या पानावर अडकलो. मुदत संपेपर्यंत ते ज्वारीच्या कोठीवर पडून होतं. वाटलं, आपल्या डोक्याचं हे काम नाही. पण कान्ट त्याच्या आधीच्या लोकांशी भांडतोय. भांडण कशावरून पेटलं हेच माहीत नसेल, तर कळणार काय?

म्हणून आधी जुन्या लोकांकडे जा. प्लेटो या प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञाचं 'अपॉलॉजी' घ्या. नावावर जाऊ नका, माफी कुठंच मागितलेली नाही. इ.स.पू. 399, अथेन्स. प्लेटोचा गुरू, 70 वर्षांचा सॉक्रेटिस, कोर्टात उभा आहे. आरोप काय, तर गावाचे देव मानत नाही, पोरं बिघडवतो. एका बैठकीत वाचून होतं.

त्यात एका जागी थांबा. शहाणा माणूस शोधत तो पुढाऱ्यांकडे जातो, कवींकडे जातो, शेवटी कारागिरांकडे. कारागिरांना त्यांचं काम खरंच येत असतं. पण तेवढं येतं म्हणून त्यांना वाटतं, आपल्याला सगळंच कळतं. मला आमचा कृषी केंद्रवाला भाऊ आठवला. बोंडअळीवर काय मारायचं ते बरोबर सांगतो, आणि त्याच दमात कोणाच्या पोरीनं किती शिकावं तेही! लय हसलो. मग लक्षात आलं, कॅमेऱ्यासमोर बसून मी तरी काय करतो बाप्पा?

वाचताना हातात पेन्सिल ठेवा. पटलं नाही तिथं समासात लिहा, 'काऊन?' पटलं तिथं तर नक्कीच लिहा.

दुसरं पुस्तक घरचं. महानुभाव पंथाच्या चक्रधर स्वामींचे दृष्टांत त्याच पंथातल्या केसोबासांनी एकत्र केले, तो 'दृष्टांतपाठ'. मराठी तेराव्या शतकातली आहे, अर्थ दिलेली प्रत घ्या. हत्ती चाचपणाऱ्या आंधळ्यांची गोष्ट त्यात आहे. लहानपणापासून ऐकलेली, म्हणून आपण पटकन मान हलवतो. पण सांगणाऱ्याला अख्खा हत्ती दिसला, तो कसा? लिहा, 'काऊन?'

शब्द अडला तर मराठी विश्वकोश मोबाईलवर फुकट आहे. पण एकच नोंद वाचा, नाहीतर रात्र तिथंच जाते.

पुढच्या वेळी प्लेटोचंच 'क्रिटो'. सॉक्रेटिस तुरुंगात आहे, दोस्त म्हणतो पळ, तो नाही म्हणतो. पळाला असता तर काय चुकलं असतं, ते ठरवून या.