न्यायाधीशाची निवड एकदाच होत नाही

(पुण्यातील एका व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचे संपादित रूप)

अध्यक्ष महोदय आणि श्रोतेहो,

पत्रिकेवर आजचा विषय ‘आपली न्यायव्यवस्था आणि न्यायाधीशांची निवड’ असा छापला आहे आणि आपल्यापैकी बरेचजण कॉलेजियम, म्हणजे न्यायाधीशांची निवड करणारे ज्येष्ठ न्यायाधीशांचे मंडळ, बरे की वाईट हे ऐकण्याच्या तयारीने आले आहेत, याची मला कल्पना आहे. त्या प्रश्नाकडे मी येणारच आहे. परंतु त्याआधी, वकिलीच्या सगळ्या वर्षांत मनात पक्के होत गेलेले एक मत मला आपल्यापुढे ठेवायचे आहे. न्यायाधीशाची निवड नेमणुकीच्या दिवशी पुरी होत नाही. पुढे प्रत्येक बदलीत, प्रत्येक बढतीत आणि सेवेत कायम करण्याच्या प्रत्येक आदेशात ती पुन्हा पुन्हा होत राहते. म्हणून ‘नेमणूक कोण करतो’ एवढेच विचारून थांबणारा अर्ध्या वाटेवर थांबतो.

रचना आपल्याला ठाऊक आहे, म्हणून ती थोडक्यात सांगतो. अमेरिकेत संघराज्याची न्यायालये निराळी आणि राज्यांची निराळी. आपल्याकडे मात्र एकच उतरंड आहे. मुळशी तालुक्यातल्या चोरीचा खटला चालवणारा प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी संसदेचा कायदाही लावतो आणि विधिमंडळाचाही. त्याच्यावर जिल्हा व सत्र न्यायालय, त्याच्यावर उच्च न्यायालय आणि शेवटी दिल्लीतले सर्वोच्च न्यायालय. देशात 25 उच्च न्यायालये आहेत. आपले मुंबईचे 1862 साली सुरू झाले. तळाचा न्यायाधीश राज्य लोकसेवा आयोगाची परीक्षा देऊन येतो. जिल्हा न्यायाधीश काही बढतीने येतात, तर काही किमान सात वर्षे वकिली केलेल्यांमधून थेट निवडले जातात. उच्च न्यायालयाचा न्यायाधीश 62 व्या वर्षी आणि सर्वोच्च न्यायालयाचा 65 व्या वर्षी निवृत्त होतो.

येथे एक गोष्ट पुणेकर म्हणून बोलल्यावाचून राहवत नाही. उच्च न्यायालयाची खंडपीठे औरंगाबाद आणि पुणे येथे व्हावीत, ही मागणी 1978 सालीच विधिमंडळापर्यंत पोचली होती. औरंगाबादला 1981 मध्ये खंडपीठ बसले. कोल्हापूरला अनेक वर्षांच्या आंदोलनानंतर ऑगस्ट 2025 मध्ये सर्किट बेंच, म्हणजे फिरते खंडपीठ, सुरू झाले आणि सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग येथल्या पक्षकारांची मुंबईची खेप वाचली, याचा मला मनापासून आनंद आहे. पुण्याचा पक्षकार मात्र अजूनही अपिलाच्या तारखेसाठी पहाटेची गाडी धरतो.

आता मूळ मुद्द्याकडे वळतो. पुण्यात न्यायाधीशांविषयी बोलायचे म्हणजे रामशास्त्री प्रभुणे यांचे नाव निघतेच आणि ते निघायलाच हवे. नारायणराव पेशव्यांच्या 1773 मधील खुनाबद्दल राघोबादादांना देहांत प्रायश्चित्त सांगणारा न्यायाधीश या शहराने पाहिला. परंतु रामशास्त्र्यांच्या पाठीशी कोणताही कायदा नव्हता, मुदतीची हमी नव्हती. होते ते केवळ त्यांचे शील, आणि तोंडावर निकाल सुनावल्यावर पुणे सोडून जाण्याखेरीज त्यांच्यापुढे मार्ग उरला नाही. एवढे शील हजारांत एखाद्यापाशी असते, आणि न्यायालये तर हजारो चालवावी लागतात. म्हणून मला रामशास्त्र्यांइतकेच, किंबहुना आजच्या प्रश्नासाठी अधिक, महादेव गोविंद रानडे महत्त्वाचे वाटतात.

रानडे 1871 साली प्रथमवर्ग दुय्यम न्यायाधीश म्हणून पुण्यात आले. दिवसा कचेरीत दिवाणी दावे चालवायचे आणि उरलेल्या वेळात सार्वजनिक सभेचे काम पाहायचे, असा त्यांचा क्रम होता. दुष्काळात रयतेची स्थिती काय झाली, सारा कसा वसूल होतो, याविषयी सभेने सरकारकडे जे अर्ज आणि जी निवेदने पाठवली, त्यांच्यामागे रानड्यांची बुद्धी आहे हे सरकार ओळखून होते. मग 1878 मध्ये त्यांची नाशिकला बदली झाली. पुढच्याच वर्षी वासुदेव बळवंत फडक्यांचे बंड झाले, मे महिन्यात पुण्यात विश्रामबागवाड्याला आग लागली आणि संशयापोटी रानड्यांना धुळ्याला धाडण्यात आले. तेथे त्यांच्या टपालावर नजर होती. बंडवाल्यांच्या नावाची पत्रे त्यांच्याकडे येत आणि ते ती पोलिसांकडे पाठवून देत, असे त्यांच्या पत्नी रमाबाईंनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. घरी येणारे पत्र आपल्याला अडकवण्यासाठी कोणी टाकले आहे की काय, या शंकेने ते उघडायचे आणि सकाळी कोर्टात बसून कुळाच्या आणि सावकाराच्या दाव्यात शांतपणे निकाल द्यायचा, ही त्या काळातली त्यांची दिनचर्या डोळ्यांपुढे आणून पाहा.

या प्रकरणात कोणीही रानड्यांना बडतर्फ केले नाही की त्यांच्यावर आरोपपत्र ठेवले नाही. न्यायाधीश म्हणून त्यांचा एखादा निकाल चुकला, असेही कोणी म्हटले नाही. झाली ती फक्त बदली. त्यांना मुंबई उच्च न्यायालयात स्थान मिळाले ते 1893 साली, काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांच्या निधनाने जागा रिकामी झाल्यावर. ज्याच्या हाती बदलीचा आदेश असतो, त्याला न्यायाधीशाला काढून टाकण्याची गरज पडत नाही, हे मी रानड्यांच्या चरित्रातून शिकलो.

आपल्या घटनाकारांना हे नेमके समजले होते. अनुच्छेद 235 अन्वये जिल्हा आणि तालुका न्यायालयांवरचे नियंत्रण, म्हणजे पदस्थापना, बढती, रजा, हे सरकारकडून काढून उच्च न्यायालयाकडे देण्यात आले आणि बदलीचा अधिकारही त्यातच येतो. ही घटनेतली फार मोठी तरतूद आहे आणि तिची चर्चा फार थोडी होते. आज धुळ्याची बदली कलेक्टर करू शकत नाही, ती या अनुच्छेदामुळे. तरीही बदली हे शस्त्र नसले, तरी तिचा घाव पक्षकाराला बसतो. शिवाजीनगरच्या न्यायालयात मी चालवलेला वाटपाचा एक दावा सांगतो. पुकारा झाला, प्रतिवादीचा मुख्य साक्षीदार पिंजऱ्यात आला आणि उलटतपासात जुन्या फेरफारावरची सही त्याला दाखवताच तो अडखळला. उत्तर द्यायच्या आधी त्याने मागे बसलेल्या आपल्या भावाकडे पाहिले. न्यायाधीशांनी लेखणी थांबवून ते पाहिले, हे मी पाहिले. पुढे युक्तिवादही झाले. निकालाची तारीख पडली आणि उन्हाळ्याच्या सुट्टीआधी बदल्यांची यादी लागली. नव्या न्यायाधीशांपुढे आला तो फक्त टंकलिखित जबाब. साक्षीदाराच्या वर्तनाची नोंद करण्याची मुभा दिवाणी प्रक्रिया संहितेत आहे, पण बोर्डावर शंभरएक प्रकरणे असताना ती नोंद क्वचितच होते. आम्हाला युक्तिवाद पहिल्यापासून करावा लागला. साधारण तीन वर्षांनी बदली हा नियम मला मान्य आहे. मात्र युक्तिवाद ऐकून झालेल्या दाव्याचा निकाल दिल्याखेरीज न्यायाधीशाने जागा सोडू नये, एवढे तरी कटाक्षाने पाळले गेले पाहिजे.

वरच्या न्यायालयात हेच शस्त्र किती धारदार होते, ते आणीबाणीने दाखवले. 1976 मध्ये उच्च न्यायालयांच्या सोळा न्यायाधीशांच्या त्यांच्या संमतीवाचून बदल्या झाल्या. त्यांतले गुजरातचे न्या. संकलचंद शेठ आपल्या बदलीविरुद्ध न्यायालयात गेले. त्याआधी, 1973 च्या एप्रिलमध्ये, संसदेच्या घटनादुरुस्तीच्या अधिकाराला मर्यादा घालणाऱ्या केशवानंद भारती खटल्याचा निकाल लागताच, त्यात सरकारविरुद्ध मत दिलेल्या शेलट, हेगडे आणि ग्रोव्हर या तीन ज्येष्ठ न्यायाधीशांना डावलून अजित नाथ राय यांना सरन्यायाधीश केले गेले. तिघांनीही राजीनामे दिले. स्थानबद्ध माणसाला आणीबाणीतही न्यायालयाचे दार ठोठावता आले पाहिजे, असे 1976 च्या जबलपूर खटल्यात एकट्या हंसराज खन्नांनी म्हटले आणि पुढच्याच वर्षी त्यांना डावलले गेले. त्या खटल्यात बहुमताच्या बाजूला आपल्या पुण्यात जन्मलेले, येथल्या विधी महाविद्यालयात शिकलेले यशवंतराव चंद्रचूड होते, हे पुणेकराने खेदाने का होईना सांगितले पाहिजे. तो निकाल 2017 मध्ये नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने चुकीचा ठरवला. त्या पीठावर त्यांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड होते आणि तो निकाल चुकीचा होता असे त्यांनीच लिहिले. या सर्व काळात एकाही न्यायाधीशाला महाभियोगाने काढले गेले नाही. बदली आणि बढती एवढ्यावर काम भागले.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा कॉलेजियमविषयी झपाट्याने बोलतो.

घटनेने न्यायाधीशांची नेमणूक राष्ट्रपतींकडे, सरन्यायाधीशांशी विचारविनिमय करून, अशी ठेवली. सरन्यायाधीशांना नकाराधिकार द्यावा, ही सूचना डॉ. आंबेडकरांनी मे 1949 मध्ये घटनासमितीत नाकारली. सरन्यायाधीश कितीही थोर असला तरी तोही माणूसच आहे, हे त्यांचे कारण होते. 1981 च्या पहिल्या न्यायाधीश खटल्यात अंतिम शब्द सरकारचा ठरला. 1993 मध्ये तो न्यायालयाने स्वतःकडे घेतला आणि 1998 मध्ये सरन्यायाधीश व चार ज्येष्ठ न्यायाधीश असे आजचे मंडळ ठरले. उच्च न्यायालयाच्या नेमणुकांसाठी सर्वोच्च न्यायालयात सरन्यायाधीश आणि दोन ज्येष्ठ न्यायाधीश बसतात. 2014 च्या नव्व्याण्णवाव्या घटनादुरुस्तीने आलेला, नेमणुकांत सरकारलाही वाटा देणारा राष्ट्रीय न्यायिक नियुक्ती आयोग 2015 मध्ये चार विरुद्ध एक मतांनी रद्द झाला. न्या. चेलमेश्वर तेवढे विरोधात गेले.

माझे मत विचाराल तर 1973 आणि 1976 पाहिलेल्या देशात निवडीचा अंतिम शब्द न्यायाधीशांकडे असणे मी समजू शकतो आणि आयोग रद्द झाल्याचे मला दुःख नाही. परंतु आंबेडकरांची शंका पाच माणसांनाही लागू पडते. 2017 पासून कॉलेजियमचे ठराव प्रसिद्ध होऊ लागले, ते चांगले झाले. मात्र उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाच्या बदलीचे कारण ‘न्यायदानाच्या अधिक चांगल्या व्यवस्थेसाठी’ एवढ्या एका ओळीत सांगितलेले मला पुरे वाटत नाही. धुळ्याची बदलीही अशाच एखाद्या ओळीत लिहिता आली असती. कॉलेजियमने पुन्हा पाठवलेले नाव सरकारवर बंधनकारक असते, पण नेमणुकीला कायद्याने घातलेली मुदत नाही, म्हणून सरकारला नकार देण्याची गरजच उरत नाही. फाइल ठेवून दिली की पुरते आणि तोवर ज्येष्ठता निघून जाते. येथे महिन्यांची मर्यादा कायद्याने घातली पाहिजे.

एक शेवटची गोष्ट सांगतो. तालुक्यापासून सुरुवात करून जिल्हा न्यायाधीश झालेला माणूस उच्च न्यायालयात बहुधा पन्नाशीच्या उत्तरार्धात पोचतो, थोडी वर्षे बसतो आणि निवृत्त होतो. सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाणारे त्यांच्यातले अगदी थोडे. ज्याने आयुष्यभर सातबारा वाचला, साक्षीदार मराठीत बोलताना कोठे अडखळतो ते पाहिले, त्याला पन्नाशीच्या आतच उच्च न्यायालयात घ्यायला घटनेची कोणतीही आडकाठी नाही. कॉलेजियमने ठरवले तर पुढच्याच यादीपासून हे करता येईल आणि माझी मागणी तेवढीच आहे.