मुलींना अर्धंच कोर्ट! आयोवातलं सहा जणींचं बास्केटबॉल

नमस्कार मंडळी! अमेरिकेत आयोवा नावाचं राज्य आहे, सगळीकडे मक्याची शेतं, छोटी छोटी गावं, आणि तिथल्या हायस्कूलच्या मुली पार १९९३ पर्यंत सहा-सहा जणींचं बास्केटबॉल खेळायच्या.

कसं, तर कोर्टच्या मधोमध रेघ. एका बाजूला तुमच्या तीन फॉरवर्ड, म्हणजे शॉट मारणाऱ्या, दुसऱ्या बाजूला तीन गार्ड, म्हणजे समोरच्यांना अडवणाऱ्या, आणि ती रेघ कुणीच ओलांडायची नाही. बॉल हातात आला की फक्त दोन ड्रिबल, म्हणजे दोनदाच बॉल जमिनीवर आपटायचा, मग पास करा नाहीतर शॉट मारा. मुलींना पूर्ण कोर्ट पळणं झेपणार नाही, ही जुनी समजूत. आपल्या कबड्डीत डिफेंडरसुद्धा वेळ आली की रेडला जातोच ना, इथे तेही नाही, गार्ड असलेली मुलगी चार वर्षं खेळली तरी मॅचमध्ये एकदाही बास्केटवर शॉट मारायची नाही. म्हणजे कोच अर्धी खेळाडू घडवत होते.

पण खेळावर प्रेम किती! डे मॉइन शहरात स्टेट टूर्नामेंटला तुडुंब गर्दी व्हायची, गावच्या गाव लोटायचं. १९६८ ची फायनल ११३-१०७, तीही ओव्हरटाइममध्ये. त्यातली डेनिस लाँग, तिने त्याच वर्षी एका मॅचमध्ये एकटीने १११ पॉइंट केले होते. मुलींच्या शालेय खेळाला एवढा मान मला दुसरीकडे क्वचितच दिसलाय, आणि तो त्या रेघेबरोबर थोडा गेला याचं मला खरंच वाईट वाटतं.

मग बदललं का? १९७२ ला टायटल नाइन कायदा आला, शिक्षणात मुलगा-मुलगी भेदभाव नको असं सांगणारा, कॉलेजांमध्ये मुलींच्या टीम उभ्या राहायला लागल्या, स्कॉलरशिप आल्या, पण कॉलेजात पाच जणींचा खेळ, तिथे शॉट न येणारी गार्ड कोण घेणार? ऐंशीच्या दशकात प्रकरण न्यायालयात गेलं, आधी शाळांना पाच जणींचा पर्याय मिळाला, आणि शेवटी जुना खेळ बंदच झाला.

त्याच डे मॉइनजवळच्या शाळेतून पुढे केटलिन क्लार्क आली, अख्खं कोर्ट बॉल घेऊन येणारी, लांबून तीन पॉइंटचे शॉट मारणारी, २०२४ पर्यंत कॉलेजात ३९५१ पॉइंट!

मी स्वतः शाळेत मुलींना शिकवतो, आणि उंच मुलगी दिसली की रिंगखाली उभी करायचो, तू इथून हलू नकोस म्हणायचो. ती पण रेघच की! आता आठवीतल्या सगळ्या मुलींना बॉल पुढे आणायला लावतो, बॉल सुटतात, मॅच हातची जाते, पालक विचारतात की सर असं का, तर त्यांना मी हीच आयोवाची गोष्ट सांगतो.